छायाचित्रामागची वीण

अठरा टाके आणि चार ओळी. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत तीनदा दोन-दोन टाके एकत्र विणायचे, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन एकेक टाका सुलट घालायचा आणि शेवटी पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. चौथी ओळ मागच्या बाजूची असली तरी तीही सुलटच. सहा टाके कमी झाले, सहा नव्याने आले, म्हणजे सुईवर पुन्हा अठराच. पण जिथे टाके एकत्र झाले तिथे कापड आवळतं आणि दोरा पुढे घेतलेल्या जागी ते पसरतं. या ओढाताणीमुळे सरळ विणत गेलेल्या कापडावर लाटा उठतात. चार ओळींपैकी तीन डोळे मिटून विणता येतात. लक्ष हवं ते फक्त एकीत.

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या शालींमधली ही वीण ‘ओल्ड शेल’ म्हणून ओळखली जाते. नावातला ‘शेल’ म्हणजे शिंपला असावा, असं मानतात. पुस्तकं चाळणाऱ्याला ती पन्नास रूपांत भेटते: कुठे बाळाच्या दुलईचा काठ म्हणून, कुठे मफलर म्हणून, कुठे पुलओव्हरच्या घेरावर. अनेक पुस्तकांत तिच्यावर ‘फेदर अँड फॅन’ असं दुसऱ्याच विणीचं नाव छापलेलं असतं. एवढ्या वेगवेगळ्या छायाचित्रांमागे तेच अठरा टाके आहेत हे ज्याच्या लक्षात येतं, त्याला विणकामाचं पुस्तक वाचता येऊ लागलं असं म्हणायला हरकत नाही.

कारण पानावरचं चित्र एकाच वेळी तीन गोष्टी दाखवत असतं: वीण, आकार आणि लोकर. पाहणाऱ्याला त्या एकजीव दिसतात आणि सगळंच्या सगळं आवडतं किंवा सगळंच नापसंत होतं. एखादा स्वेटर घालावासा वाटत नाही म्हणून पान उलटलं जातं आणि त्याच्या बाहीवरची सुंदर वेणी त्या पानाबरोबर निघून जाते. उलटही होतं. छायाचित्रातला निळा रंग मनात भरतो, महिनाभर विणकाम चालतं आणि शेवटी कळतं की आवडला होता तो रंग, गळ्याचा आकार नव्हेच. मासिक हातात आलं की आधी या तिन्ही गोष्टी मनातल्या मनात सुट्या करायला हव्यात.

विणकामाच्या सूचना कागदावर आल्या त्या चित्राशिवायच. इंग्रजीतला सर्वांत जुना ज्ञात छापील नमुना १६५५ सालच्या ‘नॅचुरा एक्सेंटेराटा’ या पुस्तकात आहे. पुस्तक मुख्यतः औषधांचं आणि घरगुती कृतींचं, आणि त्यातच पायमोजा कसा विणावा याची कृती. आज ती वाचताना दम लागतो, कारण प्रत्येक टाका वाक्यात सांगितलेला आहे. त्या काळी विणकाम पाहून शिकायचं असे. आई किंवा शेजारीण सुया हातात देई आणि चुकलं की उसवायला लावी. लिहून ठेवायची गरज पडली ती पुढे, हौसेने विणणाऱ्या शिकलेल्या स्त्रियांचा वर्ग मोठा झाला तेव्हा.

एडिंबरात लोकर आणि शिवणसामानाचं दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांनी गिऱ्हाइकांसाठी नमुने लिहायला सुरुवात केली आणि १८४० मध्ये त्यांचं विणकामाचं पुस्तक निघालं. लांबलचक वाक्यांऐवजी त्यांनी अक्षरांची सांकेतिक भाषा वापरली: या टाक्याला हे अक्षर, त्या टाक्याला ते. आज इंग्रजी नमुन्यांत जी संक्षेपांची गर्दी दिसते तिचं मूळ इथल्या प्रयत्नांत आहे. लंडनमध्ये त्याच दशकात फ्रान्सेस लॅम्बर्ट यांनी सुईची जाडी मोजण्याची छिद्रांची मोजपट्टी आपल्या पुस्तकांतून पुढे आणली. ही गोष्ट छोटी वाटते, पण सुईच्या जाडीबद्दल एकमत नसेल तर दूरच्या गावातल्या वाचकाला लिहिलेला नमुना काय कामाचा?

मग मासिकं आली. १८८० च्या दशकात लंडनच्या वेल्डन कंपनीने हस्तकलेच्या पुस्तिका दर महिन्याला काढायला सुरुवात केली. प्रत्येकीत चौदा पानं, किंमत दोन पेन्स. कधी पायमोजे, कधी पेटीकोट, कधी बाळाची टोपडी. छायाचित्रं नव्हती, कोरीव चित्रं होती, आणि ती चित्रं फार प्रामाणिक आहेत असं म्हणवत नाही. चित्रकाराला टाके मोजत बसायला वेळ नसे. मापांचंही तसंच. एवढे टाके घाला, अमुक लोकर घ्या, इतकंच लिहिलेलं, आणि त्या लोकरी आता बाजारातून नाहीशा झालेल्या. म्हणून वेल्डनची पानं वाचताना कपडा जसाच्या तसा विणण्याचा हट्ट सोडावा लागतो. तिथून उचलायची ती वीण. मोज्याच्या वरच्या काठाला असलेली जाळी किंवा शालीच्या कडेचे कंगोरे आजच्या लोकरीतही तितकेच नीट बसतात.

याच सुमाराला, १८८६ मध्ये, तेरेझ द दिलमाँ यांचा सुईकामाचा विश्वकोश प्रसिद्ध झाला. भरतकामाच्या दोऱ्यांमुळे मराठी घरांत ओळखीच्या असलेल्या डीएमसी कंपनीशी हे पुस्तक जोडलेलं आहे. त्यात भरतकाम, जाळीकाम, क्रोशे यांच्याबरोबर विणकामाचंही प्रकरण आहे, आणि कोरीव चित्रांत दोरा सुईवरून कसा जातो ते इतकं स्पष्ट दिसतं की भाषा न येणाऱ्यालाही हात चालवता येईल.

नॉर्वेतली गोष्ट जरा निराळी आहे. तिथल्या सेल्बू गावातली मारित गुल्डसेटब्रूआ ही मुलगी १८५७ मध्ये दोन रंगांत विणलेले हातमोजे घालून चर्चमध्ये गेली, असं सांगतात. मोज्यांवर आठ पाकळ्यांची चांदणी होती. गावाने ती उचलली आणि पुढे सेल्बूचे काळेपांढरे हातमोजे देशभर ओळखले जाऊ लागले. असे नमुने गावोगावच्या घरांत होते, पण कागदावर नव्हते. आनिखेन सिबर्न यांनी ते जमवले, चौकटींच्या कागदावर उतरवले आणि १९२९ मध्ये नॉर्वेजियन विणकामाच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं. चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे एक टाका. रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या किंवा कशिद्याचे धागे मोजून भरणाऱ्या कुणालाही हा कागद परका वाटणार नाही.

तक्त्याचा मोठा गुण हाच की तो कापडासारखा दिसतो. शब्दांत लिहिलेली ओळ विणून पाहिल्याशिवाय समजत नाही. तक्त्यावर चूक लगेच दिसते, बुट्टीचा मध्य सापडतो आणि दोन बुट्ट्यांमध्ये आणखी किती टाके मावतील याचा हिशेब बोट ठेवून करता येतो.

शब्दांतून वीण सांगणाऱ्या पुस्तकांमध्ये मात्र एका बाईंचं नाव वरचं आहे. अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी महाविद्यालयात असताना विणकाम शिकून, कंटाळून सोडून दिलं होतं. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी पुन्हा सुया हातात घेतल्या, तेव्हा त्यांना स्वेटरांपेक्षा विणींचंच वेड लागलं. जुनी पुस्तकं, पत्रकं, मासिकं यांतून त्या विणी गोळा करत गेल्या, प्रत्येक विणून पाहत गेल्या. १९६८ मध्ये ‘अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ निघालं तेव्हा त्यात पाचशेहून अधिक विणी होत्या. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या खंडात सातशेहून अधिक. तिसरा खंड, १९७२ चा, तक्त्यांचा होता. या पुस्तकांत एकही पूर्ण कपडा सांगितलेला नाही. आहेत ते विणलेल्या तुकड्यांचे कृष्णधवल फोटो, टाक्यांचा पट आणि ओळींची कृती. रंगीत पानांना सरावलेल्या नजरेला ती आधी रुक्ष वाटतात. पण विणकामाला खरी चालना देणारं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं, तर प्रस्तुत लेखात पहिलं नाव याच पुस्तकाचं घेतलं जाईल. कपडा ठरलेला नसल्यामुळे ते वाचकाला विचार करायला भाग पाडतं: ही वीण कशावर शोभेल? पातळ लोकरीत कशी पडेल? आडवी वापरली तर?

टाक्यांचा पट म्हणजे काय, हे इथे नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुस्तकातून अंगावर येण्याची वाट तिथून जाते. ‘अठराचा पट’ म्हणजे त्या विणीची एक आवृत्ती अठरा टाक्यांत पुरी होते. समजा, छातीचा घेर शंभर सेंटिमीटर हवा आहे आणि हातातल्या लोकरीने, हातातल्या सुईने, त्याच विणीत दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसतात. म्हणजे दोनशे वीस टाके हवेत. अठराच्या पटात जवळची संख्या दोनशे सोळा. उरलेले चार टाके दोन बाजूंना दोन-दोन करून साधे सुलट विणले की हिशेब जमला, आणि बगलेखाली एक नाजूक उभी रेघही मिळाली. पुस्तकात हा स्वेटर कुठेच नव्हता.

आणि तेच दहा सेंटिमीटरचे टाके न मोजता विणायला घेतलं, हात जरा सैल असला, बावीसऐवजी वीसच टाके बसले, तर दोनशे वीस टाक्यांचा घेर एकशे दहा सेंटिमीटर होतो. दहा सेंटिमीटरचा हा फरक अंगावर लगेच दिसतो. म्हणून प्रत्येक चांगलं पुस्तक सुरुवातीलाच हातभर उपदेश करतं की आधी चौकोनी तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा. ब्रिटिश लेखक या मापाला टेन्शन म्हणतात, अमेरिकी लेखक गेज. धुण्याला महत्त्व आहे. जाळीची वीण धुतल्यावर ताणून, टाचण्या लावून वाळवली की तिची छिद्रं उघडतात, आणि तोवर दिसत नसलेली नक्षी वर येते.

पुस्तक परदेशी असेल तर आणखी एका ठिकाणी सावध राहायला हवं. आपल्याकडे सुयांवर जुने ब्रिटिश क्रमांक चालतात. त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते: दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर. अमेरिकी क्रमांक याच्या उलट चढतात. तिथला दहा नंबर सहा मिलिमीटरचा असतो. अमेरिकी मासिकातला नमुना घेऊन आपल्या दहा नंबरच्या सुईवर टाके घातले तर मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊ शकतो. मिलिमीटर दिले असतील तर तेच पाहावेत.

पुस्तकातल्या सूचना निमूट पाळू नयेत, असं ठामपणे सांगणाऱ्या लेखिका म्हणजे एलिझाबेथ झिमरमन. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या. त्यांना गोल सुईवर, बिनशिवणीचं विणायला आवडे, पण त्यांच्या नमुन्यांच्या सूचना छापताना सपाट तुकड्यांच्या करून टाकल्या गेल्या. १९५८ पासून त्यांनी स्वतःचं पत्रक काढलं. १९७१ चं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे त्यांचं पुस्तक वाचणं म्हणजे एखाद्या जाणत्या मावशीशेजारी बसणं. त्यांनी स्वेटरचं गणित टक्क्यांत मांडलं. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे शंभर, मग मनगटाला त्यातले वीस टक्के, दंडाला सुमारे तेहतीस, गळ्याला चाळीस. दोनशे वीस टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी चव्वेचाळीस टाके पुरतात. लोकर जाड असो वा बारीक, माणूस लहान असो वा मोठा, प्रमाण तेच राहतं.

त्यांच्या ‘निटर्स अल्मनॅक’मध्ये वर्षाच्या बारा महिन्यांसाठी विणकाम आहे. जुलैमध्ये, प्रवासात विणायला म्हणून, एक गोल शाल दिली आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, या शाळेतल्या नियमावर ती उभी आहे. मध्यापासून नऊ टाके, दुप्पट करून अठरा. तीन फेरे साधे विणून छत्तीस, सहा फेऱ्यांनी बहात्तर, मग बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस फेरे. टाके वाढवायच्या ओळी मोजक्या आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब मोकळी जागा. त्या जागेत काय विणायचं हे विणणाऱ्याने ठरवायचं. वॉकरबाईंच्या खजिन्यातल्या विणी अशाच जागेची वाट पाहत असतात. बाळाच्या जाकिटाचा झिमरमन यांचा एक नमुनाही प्रसिद्ध आहे. एकशे साठ टाके घालून सलग विणलेला तुकडा सुईवरून उतरतो तेव्हा कशासारखाच दिसत नाही. मग तो दोनदा घडी घातला की बाह्यांसकट जाकीट तयार होतं. शिवण फक्त खांद्यांवर.

जपानी पुस्तकांचं जग आणखी वेगळं. भाषा न येताही ती वाचता येतात, कारण विणकामाच्या चिन्हांना तिथे राष्ट्रीय औद्योगिक मानक आहे. सुलट टाका, उलट टाका, दोरा पुढे, उजवीकडे किंवा डावीकडे झुकणारी घट: प्रत्येकाचं चिन्ह ठरलेलं, आणि तक्ता नेहमी कापडाच्या दर्शनी बाजूने काढलेला. कपड्याची आकृती सेंटिमीटरमध्ये असते आणि मुंढ्याशेजारी ‘२-१-३’ असे आकडे असतात. अर्थ एवढाच की दर दोन ओळींनी एक टाका कमी करा, असं तीनदा. साधारणपणे एकच माप दिलेलं असतं, बाकीची मापं विणणाऱ्याने काढायची. हितोमी शिदा यांच्या विणींमध्ये जाळी आणि वेण्या एकमेकींत अशा गुंफलेल्या असतात की त्यांची आवृत्ती कुठे सुरू होते हे शोधायलाच काही मिनिटं लागतात. २६० विणींचं त्यांचं पुस्तक २०१७ मध्ये इंग्रजीतही आलं. नवशिक्याने ते नुसतं पाहावं. विणायची घाई करू नये.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कॅफ फॅसेट यांचं काम. कॅलिफोर्नियातले हे चित्रकार १९६४ मध्ये इंग्लंडला आले. स्कॉटलंडमधल्या एका गिरणीत लोकरीचे रंग पाहून त्यांनी वीस लडी घेतल्या, आणि परतीच्या रेल्वेप्रवासात एका सहप्रवासी बाईंनी त्यांना विणायला शिकवलं. त्यांच्या १९८५ च्या ‘ग्लोरिअस निटिंग’मध्ये वीण जवळजवळ नाहीच. एक ओळ सुलट, एक उलट, आकारही सरळसोट चौकोनी. सगळा जीव रंगात. गालिचे, चिनी मातीची भांडी, दगडी फरशा यांवरून त्यांनी रंग उचलले. या पुस्तकाने एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे नमुना विणकामाच्या पुस्तकातच असेल असं नाही. इरकलीचा काठ, कोकणातल्या जुन्या घराच्या फरशीवरची नक्षी, कुलू-मनालीहून आणलेल्या मोज्यांवरचे कोन, हे सगळं चौकटींच्या कागदावर उतरतं.

मासिकांचा उपयोग मग काय? त्यांच्याकडे वर्तमानाची नजर असते. १९३२ मध्ये सुरू झालेलं ‘व्होग निटिंग’ साठीच्या दशकाच्या अखेरीला बंद पडलं आणि १९८२ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याचे जुने-नवे अंक शेजारी ठेवले तर खांदे कधी पडले, कमर कधी वर चढली, लोकर कधी जाड झाली हे दिसतं. उत्तर भारतातल्या हिंदी महिला मासिकांचे हिवाळी बुनाई विशेषांकही अशाच नजरेने पाहावेत. मासिकाचं पान निवडताना मुख्य फोटोच्या आधी मापांची रेखाकृती शोधावी. मॉडेलने हाताची घडी घातली असेल तर मुंढा कसा बसला आहे ते कळत नाही, आणि केस मोकळे असतील तर गळा दिसत नाही. रेखाकृतीत हे काही लपत नाही. पुढच्या अंकांत छापलेल्या दुरुस्त्याही पाहाव्यात. शेकडो आकड्यांच्या मजकुरात एखादा आकडा चुकतोच, आणि चुकीची ओळ तीनदा उसवणाऱ्याला वाटत राहतं की चूक आपलीच.

पुस्तकांतल्या कथाही तपासून घ्याव्या लागतात. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरच्या स्वेटरांबद्दल अनेक पुस्तकं सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे. या समजाला खतपाणी मिळालं ते जे. एम. सिंग यांच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटिकेतून. त्यात बहीण भावाचा मोजा ओळखते, पण ती घराण्याच्या नक्षीवरून नव्हे, तर स्वतः घातलेल्या आणि सोडलेल्या टाक्यांच्या मोजणीवरून. वेण्यांनी भरलेला आजचा अ‍ॅरन स्वेटर विसाव्या शतकातच घडला. हे सप्रमाण मांडणाऱ्यांमध्ये रिचर्ड रट होते. ते लेस्टरचे बिशप, स्वतः विणणारे, आणि १९८७ च्या ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’चे लेखक. त्यांनी जमवलेली विणकामाची जुनी पुस्तकं साउथॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातली कित्येक पुस्तकं स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती पानं आता पुण्यात किंवा पणजीत बसूनही वाचता येतात.

रद्दीच्या दुकानात किंवा जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर विणकामाचं एखादं मासिक मिळालं तर ते कोरं नसलेलंच बरं. समासात पेन्सिलीने मारलेल्या उभ्या रेघा असतात, दर पाच ओळींना एक आडवी. आकड्यांभोवती गोल असतो, तीन मापांतलं मधलं माप निवडलेलं. कुठे लोकरीचा बोटभर तुकडा पानाला टाचलेला असतो, आणि मुंढ्याच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात दोन टाके कमी केल्याची नोंद. ती नोंद छापील मजकुरापेक्षा आधी वाचावी.